उजवीकडच्या गाठी

पॅट्सन कातोंगो लुसाकाला आमच्या विभागात आले तेव्हा त्यांच्या डाव्या फुफ्फुसात कॅन्सर आहे हे आधीच पक्कं झालं होतं. किट्वेच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला होता, रिपोर्ट सोबत होता. ऑपरेशन करून काढून टाकता येईल अशी अवस्था उरली नव्हती. सलाइनमधून औषध आणि जोडीला किरणांचा शेक, हेही ठरल्यातच जमा होतं. ठरायचं राहिलं होतं ते एवढंच, की शेक नेमका कुठवर द्यायचा.

मी या हॉस्पिटलात भौतिकतज्ज्ञ आहे. रोगी बरा करणं माझं काम नाही. डॉक्टर संगणकावर छातीच्या चित्रात रेघा मारून देतात, एवढ्या भागाला किरण हवेत म्हणून. मग यंत्र कुठल्या कोनातून किती चालवायचं, आणि त्यात हृदयाला, मणक्याला, चांगल्या फुफ्फुसाला किती मार बसेल, याचं गणित मी मांडतो. रोगी माझ्याशी सहसा बोलत नाहीत. कातोंगो बोलले, कारण ते कोणाशीही बोलत.

साठी ओलांडलेला उंच, वाळका माणूस. हॉस्पिटलातही टाय लावून यायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कॉपरबेल्टातल्या तांब्याच्या खाणीत जमिनीखाली खडक फोडण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर किट्वेच्या एका लहानशा रेडिओ केंद्राने त्यांना शनिवारच्या फुटबॉल सामन्यांचं बेंबा भाषेतून वर्णन करायला बसवलं आणि दोन-तीन वर्षांत त्यांचा आवाज गावभर झाला. लोक टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावायचे म्हणे. मग एका थंडीत आवाज बसला. ऐकणाऱ्यांना वाटलं, म्हातारा प्यायला लागला. बायकोला वाटलं, सर्दी. सर्दी गेली, आवाज तसाच राहिला. टायरमधून हवा सुटावी तसा.

लुसुंगू जेरेने त्यांना पहिल्यांदा तपासलं त्या दिवशी मी तिच्या खोलीत दुसऱ्याच रोग्याचा आराखडा घेऊन बसलो होतो. लुसुंगू आमच्याकडची किरणोपचाराची डॉक्टर, चाळिशीच्या आतली, केपटाउनला शिकून आलेली.

"कुठल्या हो तुम्ही, डॉक्टर?" कातोंगोंनी शर्टाची बटणं काढता काढता विचारलं.

"चिपाटाकडची. जेरे."

"न्गोनी!" त्यांनी बायकोकडे वळून पाहिलं. "बघ मुसोंडाची आई, इतका बसचा प्रवास करून शेवटी कोणाच्या हाती लागलो. उंदीरखाऊंच्या."

"माकडखाऊंना आम्ही खरं तर तपासत नाही," लुसुंगू मान वर न करता म्हणाली. "पण आज गर्दी कमी आहे. श्वास घ्या. मोठा. अजून."

ते हसले. हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. बेंबा आणि न्गोनी या दोन जमातींचं हे जुनंच आहे. पणजोबांनी एकमेकांवर भाले उगारले, पणतवंडं तोंडाने भागवतात. अशी चेष्टा करणारा परका राहत नाही.

बानामुसोंडा, म्हणजे मुसोंडाची आई, मात्र हसल्या नाहीत. त्या खाण-वसाहतीतल्या शाळेत गणिताच्या बाई होत्या, आणि वर्गात उशिरा आलेल्या पोराकडे पाहावं तशा त्या दोघांकडे पाहत होत्या. "आवाज कशाने गेला ते सांगा आधी," त्या म्हणाल्या.

लुसुंगूने कागदावर काढून दाखवलं. स्वरयंत्राची डावी नस गळ्यातून सरळ येत नाही. ती आधी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला खालून वळसा घालते आणि परत वर जाते. त्या वळशापाशी लसिका ग्रंथी असतात. फुफ्फुसातला कॅन्सर त्या ग्रंथींत शिरला, त्या फुगल्या, नस चेपली.

"म्हणजे गाठीने गळा नाही धरला. गळ्याची दोरी धरली," कातोंगो म्हणाले.

"तसंच."

"आणि अजून कुठे कुठे शिरलाय?"

लुसुंगूने पेन खाली ठेवलं. "तेच बघायचंय," ती म्हणाली.

स्कॅन मीही पाहिला. डावीकडचं चित्र स्पष्ट होतं. वरच्या भागात मूळ गाठ, वळशापाशी फुगलेल्या ग्रंथी. तिथे रेघ मारायला कोणीही कचरलं नसतं. घोळ उजवीकडे होता. श्वासनलिकेच्या उजव्या अंगालाही ग्रंथी मोठ्या झालेल्या होत्या, एक तर अंगठ्याएवढी. नियमाने धरलं तर एवढी मोठी ग्रंथी म्हणजे रोगाची. पण खाणीत राबलेल्या माणसाला नियम लावणं अवघड. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुफ्फुसात जाते, तिथून ग्रंथींत साठते आणि त्या कॅन्सर नसतानाही सुजतात, कडक होतात. कातोंगोंच्या दोन्ही फुफ्फुसांवर त्या धुळीचे व्रण होतेच. श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात, त्या फाट्याखालच्या ग्रंथी मात्र बारीक, निरोगी दिसत होत्या.

कुठल्या गाठीत रोग जिवंत आहे ते उजळून दाखवणारा पेट स्कॅन त्या वर्षी आमच्या आवाक्यात नव्हता. परदेशी पाठवायच्या रोग्यांची रांग मोठी होती आणि या रोगाला रांगेत उभं राहायला वेळ नसतो.

शुक्रवारच्या बैठकीत डॉ. हामूंगांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, "सगळं घ्या. डावं, उजवं, मधलं, गळ्याच्या खळग्यापर्यंत."

हामूंगा आमचे प्रमुख. देशात शेक द्यायचं यंत्र नव्हतं तेव्हा ते रोग्यांना सोबत घेऊन शेजारच्या देशात जात. त्यांचं म्हणणं वेडगळ नव्हतं. त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं की लांबून आलेला रोगी एकदा घरी गेला की बहुतेक परत येत नाही. आला तर फार उशिरा येतो.

"कॅन्सर आपली रेघ बघून थांबत नाही, लुसुंगू. आणि आपल्या माणसाला दुसरी संधी मिळत नाही. केपटाउनला मिळत असेल."

"सर, त्यांची फुफ्फुसं आधीच धुळीने घट्ट झालीत," लुसुंगू म्हणाली. "दोन्ही बाजू घेतल्या तर उरलेलं फुफ्फुस भाजेल. दोन-तीन महिन्यांनी सूज येईल आणि ते कॅन्सरआधी आपल्या शेकाने जातील. उजवीकडची धूळ आहे. मी डावीकडचंच घेणार."

"धूळ आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"कॅन्सर आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

खोलीत कोणी तरी खोकलं. हामूंगा माझ्याकडे वळले. "मुबिता, तू दोन्हीचं गणित केलंयस ना? सांग."

मी सांगितलं. सगळं घेतलं तर निरोगी फुफ्फुसाचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग माऱ्यात येतो; पस्तिसाच्या वर आम्ही जात नाही. डावीकडचंच घेतलं तर पंचवीसच्या आसपास.

"मग एकूण मात्रा कमी करा," हामूंगा म्हणाले.

"कमी केली तर गाठ मरत नाही," लुसुंगू म्हणाली. "मग शेक द्यायचाच कशाला?"

"तू त्या माणसाच्या जिवावर पैज लावते आहेस."

"तुम्हीपण लावताय, सर. आपल्यातलं कोणी लावत नाहीये असं नाही."

तिने असं बोलायला नको होतं असं पुष्कळांना वाटलं. मला काय वाटलं ते मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी आकडेच सांगितले असते.

कोंडी फोडली ती छातीचे सर्जन डॉ. सिताली यांनी. ते एरवी बैठकीत मोबाइल बघत बसायचे. "भांडता कशाला?" ते म्हणाले. "गळ्याच्या खळग्यात दोन बोटांची चीर देतो, श्वासनलिकेच्या कडेने दुर्बीण खाली सोडतो आणि उजवीकडच्या गाठीचा तुकडा काढून देतो. मग बघा ना काय आहे ते."

हामूंगा लगेच हो म्हणाले. लुसुंगू पडद्यावरच्या गळ्याच्या चित्राकडे पाहत राहिली. तिच्या डोक्यात काय चाललंय ते सितालींनी ओळखलं.

"उजव्या नसेचं म्हणतेस ना? जपून करीन."

डावी नस मेलेली होती. कातोंगोंचं स्वरयंत्र उघडं राहत होतं ते एकट्या उजव्या नसेच्या जोरावर. दुर्बिणीच्या वाटेत तिला धक्का लागणं क्वचित घडतं. पण लागला, तर स्वरयंत्राचे दोन्ही पडदे मिटतील आणि माणसाला श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागेल.

हे सगळं लुसुंगूने नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं. मला तिने मुद्दाम बोलावलं होतं, आकड्यांचं विचारतील म्हणून. बाईंनीच विचारलं.

"सगळीकडे शेक दिला तर?"

"फुफ्फुसाला झेपणार नाही अशी भीती आहे."

"डावीकडेच दिला, आणि उजवीकडे रोग असला तर?"

"तिथून वाढेल. मग पुन्हा तेवढा शेक देता येणार नाही."

"आणि उजवीकडे आहे की नाही?"

"माहीत नाही, आई."

बानामुसोंडांनी मांडीवरची पर्स या बाजूची त्या बाजूला केली. "हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं, पोरी. तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही सांगत नाही, असं धरून आम्ही घाबरत होतो."

कातोंगोंचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्यांनी टायची गाठ सैल करून गळ्याच्या खळग्यावर बोट ठेवलं होतं. "इथे?"

"हो, बाबा."

"नाही." ते उठले. "आवाज गेला, गेला. भोकातून श्वास घेणारा माणूस मी पाहिलाय. आमच्या शिफ्टला होता. जेवताना त्याच्या समोर कोणी बसायचं नाही, त्याची बायकोसुद्धा. द्या तुमचा शेक सगळीकडे आणि मोकळे व्हा."

दुसऱ्या दिवशी ते हॉस्पिटलच्या वसतिगृहात नव्हते. पिशवी घेऊन पहाटेच्या बसने किट्वेला गेले होते, बायकोला न सांगता. बाई वसतिगृहाच्या पायरीवर बसून होत्या. लुसुंगूने फोन लावला तर ते उचलेनात. हामूंगा म्हणाले, "बघ. एक संधी म्हणत होतो मी." हे ते टोमणा म्हणून बोलले नाहीत. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता.

किट्वेला काय झालं ते कातोंगोंनीच मला नंतर सांगितलं. त्या शनिवारी तिथल्या दोन जुन्या संघांचा सामना होता. ते सरळ मैदानावर गेले. वर्णनाची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या वर, अगदी टोकाला. तिथे आता एक माजी गोलरक्षक त्यांच्या जागी बोलत होता. त्याच्या शेजारी नुसतं बसायचं, एवढाच त्यांचा विचार होता. लोकांनी ओळखलं, हाका मारल्या, वाट करून दिली. ते चढायला लागले. अर्ध्यावर त्यांना बसावं लागलं. उठले, थोडं चढले, परत बसले. खाली सामना सुरू झाला. वरून माजी गोलरक्षकाचा आवाज यायला लागला. ते मधल्याच पायरीवर, मक्याची कणसं खाणाऱ्या एका कुटुंबाच्या शेजारी बसून राहिले.

"पहिला अर्धा सामना मी बघितलाच नाही," ते मला म्हणाले. "मी नुसता श्वास घेत होतो. तेवढंच काम. मग मला हिशेब कळला, मुबिता. आत्ताच एवढा श्वास उरलाय. तुमच्या मोठ्या शेकाने यातलाही जाणार. गळ्याला भोक पडेल ही भीती मी धरून बसलो होतो. पण श्वासच नसला तर भोक काय आणि नाक काय."

"गोलरक्षक बरा बोलत होता का?"

"भिकार. गोल झाला की स्वतःच ओरडतो, लोकांना ओरडू देत नाही."

सोमवारी ते परत आले. बानामुसोंडा त्यांच्याशी अख्खा दिवस बोलल्या नाहीत. संध्याकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्यांनी मक्याच्या पिठाचा न्शिमा केला आणि ताट त्यांच्यापुढे ठेवलं. ठेवलं म्हणजे आपटलं. ते मुकाट्याने जेवले. मग त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी जायचं असेल तर मला उठवून जा. मीपण येईन." मग त्यांनी दोघांसाठी पाणी आणलं.

ऑपरेशनला लुसुंगू आत उभी होती. तिथलं मला तिच्याकडून कळलं. सिताली फार सावकाश गेले. उजवीकडची गाठ दिसली ती कोळशासारखी काळी. चिमटा लागला तर वाळूत घातल्यासारखी करकर झाली. त्यांनी दोन तुकडे घेतले. लुसुंगूला तेव्हाच कळलं, ही धूळ आहे. तिला बरं वाटलं, आपण म्हणत होतो ते खरं ठरलं म्हणून. तिने ते माझ्यापाशी कबूलही केलं.

मग सिताली म्हणाले, "आलोच आहे तर फाट्याखालचीही घेऊ का?"

"ती स्कॅनवर स्वच्छ आहे," लुसुंगू म्हणाली.

"नको तर नको. तिथे रक्त जास्त येतं."

यंत्रांचे आवाज चालू होते. सिताली वाट बघत होते.

"घ्या," ती म्हणाली.

शुद्धीवर आल्यावर कातोंगोंनी पहिल्यांदा श्वास घेऊन पाहिला, मग आणखी एक. मग ते कुजबुजले, "न्गोनींच्या स्वर्गात आलो की काय? उंदीर भाजल्याचा वास येतोय."

"तो तुमच्याच भुलीचा वास आहे," लुसुंगू म्हणाली आणि खोलीबाहेर जाऊन तिने तोंड धुतलं.

रिपोर्ट पुढच्या शुक्रवारच्या बैठकीत वाचला गेला. उजवीकडची गाठ: दगडाची धूळ, जुने व्रण, कॅन्सर नाही. फाट्याखालची गाठ, ती बारीक, निरोगी दिसणारी: कॅन्सर आहे.

चित्र पडद्यावर होतंच. त्यावर दोघांच्या रेघाही होत्या, दोन रंगांत. लुसुंगूच्या रेघेबाहेर रोग होता. हामूंगांच्या रेघेत अर्धी नुसती धूळ होती.

"म्हणजे तू जिथे घेणार नव्हतीस तिथे आहे," हामूंगा म्हणाले.

"हो, सर. आणि तुम्ही उजवीकडे घ्या म्हणत होता, तिथे नाही."

हामूंगांनी चष्मा काढून कोटाच्या बाहीला पुसला. मग खुर्ची ओढून ते तिच्या शेजारी संगणकापाशी बसले. "काढ नवी. फाट्याखाली थोडी सैल ठेव, तिथे श्वासाबरोबर हलतं सगळं. एवढी नको. हां. आता गळ्याचा खळगा?"

"तो नको. सितालींनी वाटेत पाहिलाय, तिथे काही नाही."

"नको मग," हामूंगा म्हणाले. मी त्यांना नको म्हणताना फार वेळा ऐकलेलं नाही.

नव्या रेघेचं गणित अवघड निघालं. फाट्याखालचा भाग मधोमध, अन्ननलिकेला चिकटून. तिकडून वाचवावं तर इकडे फुफ्फुसात मारा वाढे. मी कोन बदलत, किरण अडवणारी यंत्राची झडप इकडेतिकडे करत दोन दिवस घालवले. शेवटी फुफ्फुसाचा आकडा मर्यादेच्या जेमतेम खाली आला. अन्ननलिकेचा मनासारखा आला नाही. लुसुंगूने पाहिलं, म्हणाली, "गिळताना त्रास होईल. सांगून ठेवते." आणि सही केली.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये ती समोर येऊन बसली. ताटात न्शिमा आणि कापेंटा मासळी. ती मासे एकेक करून बाजूला सरकवत होती.

"नको म्हणणार होते, मुबिता. ओठांवर आलं होतं. सितालींनी परत विचारलं नसतं."

"पण म्हणाली नाहीस."

"का नाही म्हणाले ते मला माहीत नाही. काही कारण नव्हतं. स्कॅन स्वच्छ होता. परत तसाच स्कॅन आला तर मी परत तसंच म्हणेन, की ती गाठ बरी आहे."

मी तिच्या ताटातले दोन मासे उचलले.

शेक सहा आठवडे चालला, आठवड्यातून एकदा औषध. चौथ्या आठवड्यापासून कातोंगोंना थुंकी गिळणंही कठीण झालं. बानामुसोंडा शेंगदाण्याची पूड घालून पातळ पेज करायच्या आणि चमच्याने भरवायच्या. ते चमच्याकडे पाहून डोळे मिटून घ्यायचे. टायखालची कॉलर सैल पडायला लागली. एकदा ते यंत्राच्या खोलीच्या दारातूनच परत फिरले, म्हणाले, आज नाही, आता कधीच नाही. लुसुंगू बाहेर आली.

"बरोबर आहे," ती मोठ्याने म्हणाली, सगळा व्हरांडा ऐकेल असं. "बेंबांना दमच नाही, हे आमचे आजोबा सांगायचेच."

व्हरांड्यातल्या बाकांवर हशा झाला. कातोंगो थांबले. वळले. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता हा माणूस चिडला. मग ते तिच्या अंगावरून तरातरा आत गेले आणि यंत्राखाली जाऊन निजले. लुसुंगू भिंतीला टेकून तशीच उभी राहिली.

ते तगले. शेक संपल्यावर दोन महिन्यांनी डाव्या फुफ्फुसाला सूज आली, ताप आला, धाप लागली. गोळ्यांनी ती उतरली. मोठा शेक दिला असता तर काय झालं असतं हे कोणी म्हणालं नाही. हामूंगा एवढंच म्हणाले, "बरं झालं." वर्षाने केलेल्या स्कॅनवर डावीकडे मूळ गाठीच्या जागी आक्रसलेला व्रण होता, फाट्याखाली काही नव्हतं. उजवीकडची काळी गाठ होती तेवढीच होती, अंगठ्याएवढी.

आवाज परत आला नाही. रेडिओ केंद्राने त्यांना सामना सुरू होण्याआधीची काही मिनिटं दिली, खेळाडूंची माहिती सांगायला. लोक म्हणत, तेवढा वेळ बारमध्येही शांतता असते, कारण त्याशिवाय ऐकू येत नाही. ते खालच्या एका खोलीत बसून बोलायचे. पायऱ्या चढायला त्यांना पुन्हा कधी जमलं नाही.

चौथ्या वर्षी त्यांच्या यकृतात कॅन्सर निघाला. छातीत शेवटपर्यंत काही नव्हतं. किट्वेला, घरीच, ते गेले. तोवर हामूंगा निवृत्त होऊन आपल्या गुरांमागे गेले होते आणि सिताली नोकरीसाठी परदेशी, विंडहुकला. गळ्यातून दुर्बीण घालणारं आमच्याकडे कोणी उरलं नव्हतं. खाणीतले रोगी येतच होते, दोन्हीकडच्या फुगलेल्या गाठी घेऊन, आणि लुसुंगू त्यांच्या चित्रांसमोर आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसायची. रेघा कधी आत घ्यायची, कधी बाहेर काढायची. कोणी विचारलं तर आपण हे का केलं ते सांगायची, आणि आपल्याला नक्की माहीत नाही हेही सांगायची. पहिल्याच दिवशी.

पुढच्या वर्षी बानामुसोंडा भाचीच्या लग्नाआधीच्या बायकांच्या समारंभासाठी लुसाकाला आल्या होत्या. त्या विभागात आल्या. लुसुंगू नव्हती, बाहेरगावी गेली होती. मी त्यांना बसायला खुर्ची दिली.

"त्यांचं ते चित्र आहे का अजून? रेघांचं?"

"आहे, बाई."

मी काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. मी बोटाने दाखवत गेलो. ही मूळ गाठ. हा नसेचा वळसा. ही फाट्याखालची, आत घेतलेली. ही उजवीकडची, बाहेर ठेवलेली.

"ही बाहेर ठेवली म्हणून श्वास राहिला."

"हो. बहुतेक."

"आणि यकृत कुठे?"

"या चित्रात खाली त्याचा वरचा काठ दिसतो. हा."

"इथे रेघ नव्हती."

"नाही. तेव्हा तिथे काही नव्हतं."

"नव्हतं, की दिसत नव्हतं?"

"ते सांगता येत नाही, बाई."

त्या आणखी थोडा वेळ पाहत राहिल्या. शाळेत उत्तर तपासताना पाहावं तसं, वरून खाली. मग चष्मा काढून पर्समध्ये ठेवला, कमरेचं चितेंगे कापड नीट गुंडाळून घेतलं आणि उठल्या.

"उशीर होतोय," त्या म्हणाल्या. "ढोल सुरू झाले असतील. जेरेला सांग, मी आले होते म्हणून."

मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो. मिनीबस लगेच मिळाली.